ईएफ २८, मग ३८, आता ३२: मुलीचं हृदय पुन्हा खचतंय का?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. वर्षभरापूर्वी धाप लागून दाखल केलं तेव्हा डायलेटेड कार्डिओमायोपथीचं निदान झालं, म्हणजे हृदयाचा स्नायू अशक्त झाला होता आणि डावा खालचा कप्पा ताणून मोठा झाला होता. पहिल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (हृदय रक्त किती बाहेर टाकतं त्याचा आकडा) २८ टक्के. चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी केलेल्या इकोत ३८, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आता पुन्हा पहिल्या ठिकाणी ३२. औषधाचा एकही डोस चुकलेला नाही, मुलगी खेळते, जेवते, वजन वाढलंय. त्यांनी विचारलंय: हृदय पुन्हा खचतंय का, आणि यातला खरा आकडा कोणता?

मुलांच्या हृदयाचे इको करण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. मुलीच्या इकोच्या क्लिप्स मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे ती सुधारतेय की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. एवढं मात्र खात्रीने सांगतो, की नुसत्या या तीन आकड्यांवरून ‘खचतंय’ असं कुणालाच म्हणता येणार नाही. तीनपैकी एक खरा आणि दोन खोटे, असा हा मामलाच नाही. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे आहेत का, हे आधी पाहायला हवं. आणि मग त्या आकड्यापलीकडे हृदय काय दाखवतंय, हे.

आधी एक भीती दूर करतो, कारण जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात ती असते. ईएफ २८ म्हणजे ७२ टक्के हृदय निकामी झालं, असा अर्थ नाही. डावा कप्पा रक्ताने पूर्ण भरतो, तेव्हा त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, त्याचं हे प्रमाण. निरोगी हृदयही सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. म्हणजे २८ची तुलना १००शी नाही, साठीच्या आसपासच्या आकड्याशी करायची. रिपोर्टवर एफएस नावाचा आणखी एक आकडा असतो. तो कप्प्याची रुंदी किती आकसली ते सांगतो, आणि निरोगी मुलांत २८च्या वरच असतो. एफएस १५ वाचून ‘ईएफ १५वर आला’ म्हणून रडत आलेले आईवडील मी पाहिलेत. आपल्या रिपोर्टवरचा आकडा यातला कोणता, ते आधी बघून घ्या.

आता मोजमापाकडे. सगळ्यात जुनी पद्धत एम-मोड. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल पहिल्यांदा टिपली, ती अशीच एका रेषेवर. आजही यंत्र हृदयातून एकच रेषा आरपार काढतं, त्या रेषेवर कप्पा फुगलेला असताना किती रुंद आणि आकसल्यावर किती रुंद ते मोजतं, आणि टाइकहोल्झच्या सूत्राने त्या दोन रुंदींवरून घनफळाचा अंदाज बांधतं. समजा, तुमच्या मुलीचा कप्पा फुगल्यावर ४६ मिलिमीटर आहे. आकसल्यावर ३९ मोजला तर हे सूत्र ईएफ ३२ देतं. ३८ मोजला तर ३६. ४० मोजला तर २८. एका मिलिमीटरमागे चार टक्के. रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या मुलाच्या छातीवर प्रोब धरून, धूसर दिसणाऱ्या स्नायूची कड नेमकी कुठे संपते ते ठरवताना एक मिलिमीटर इकडेतिकडे होणं हा निष्काळजीपणा नव्हे. ती त्या पद्धतीची मर्यादा आहे.

शिवाय या सूत्रात एक गृहीत लपलेलं आहे: कप्पा नेहमीच्या, लांबट आकाराचा आहे आणि सगळ्या भिंती सारख्या आकसतात. तुमच्या मुलीच्या आजारात नेमकं हेच बिघडलेलं असतं. कप्पा चेंडूसारखा गोल होतो. विजेचा संदेश डाव्या बाजूला उशिरा पोचत असेल तर दोन कप्प्यांमधला पडदा भलत्याच वेळी हलतो, आणि रेषा नेमकी त्या पडद्यातूनच जाते. म्हणून अशक्त हृदयाच्या मुलांत मी एम-मोडचा ईएफ रिपोर्टवर लिहायचं टाळतो. त्याऐवजी सिम्पसनची पद्धत वापरतो, ज्यात दोन वेगवेगळ्या कोनांतून कप्प्याची कड आखून, त्याचे थरावर थर रचून घनफळ काढतात. किंवा मुलांच्या इकोत बरीच वापरली जाणारी बुलेट पद्धत, ज्यात आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि कप्प्याची लांबी घेतात. याही पद्धतींत चूक होतेच. एकाच मुलाचा इको एकाच दिवशी दोन अनुभवी डॉक्टरांनी वेगवेगळा केला तर पाच-सात टक्क्यांचा फरक मला नवल वाटायला लावत नाही. म्हणून मी निदान तीन ठोके मोजून सरासरी घेतो.

त्यामुळे पहिल्या ठिकाणचा २८, दुसऱ्या ठिकाणचा ३८ आणि परत पहिल्या ठिकाणचा ३२ या रांगेत मधला आकडा बाजूला काढा. तोलायचेच असतील तर २८ आणि ३२ तोला, तेही पद्धत एकच असेल तर. मग चित्र ‘वर जाऊन खाली आलं’ असं उरत नाही; ‘जवळजवळ तेवढंच, कदाचित किंचित बरं’ असं होतं.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका मुलाचा ईएफ तीन महिन्यांत ४०वरून ३१वर आलेला पाहून मी औषधं वाढवली. पोराचा रक्तदाब उतरला, चक्कर येऊ लागली. मग एका संध्याकाळी दोन्ही इकोच्या क्लिप्स एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि अर्धा तास बघत बसलो. हृदय तसंच होतं, बदलली होती ती मोजण्याची पद्धत. तेव्हापासून जुन्या क्लिप्स शेजारी लावल्याशिवाय मी ‘वाढला’ किंवा ‘घटला’ हा शब्द रिपोर्टवर लिहीत नाही.

पद्धतीखेरीज त्या दिवशीची परिस्थितीही आकडा हलवते. ताप, रडणं, रक्तक्षय, झोपेचं औषध, त्या वेळचा रक्तदाब, सगळ्याचा परिणाम होतो. हृदय ज्या दाबाविरुद्ध रक्त ढकलतं तो कमी झाला तर स्नायूची ताकद तेवढीच असूनही ईएफ वर जातो. म्हणून इको चालू असताना मुलाचा रक्तदाब आणि ठोक्यांचा वेग लिहिलेला नसेल तर मला रिपोर्ट अर्धवट वाटतो. झोपेच्या औषधाबद्दलही सांगतो: ज्या मुलाचं हृदय फार अशक्त आहे त्याला केवळ चांगलं चित्र मिळावं म्हणून झोपवणं मला पटत नाही. आईच्या मांडीवर, दूध पिताना, आवडतं काहीतरी बघताना बराचसा इको होतो. वेळ लागतो, तो द्यावा.

मग मी ईएफखेरीज काय बघतो?

सर्वात आधी कप्प्याचा आकार, पण मिलिमीटरमध्ये नाही. मूल वाढतं तसं हृदयही वाढतं, म्हणून मुलाच्या उंची-वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढून, त्या अंगलोटाच्या निरोगी मुलांपेक्षा हा कप्पा किती मोठा आहे हे झेड स्कोअरने सांगतात. शून्य म्हणजे सरासरी, +२च्या वर म्हणजे मोठा. साडेतीन वर्षांच्या मुलीत ४६ मिलिमीटर म्हणजे झेड +५च्या जवळपास, बराच मोठा. पण पुढच्या वर्षी ती वाढली आणि कप्पा ४६च राहिला, तर झेड खाली येईल. मिलिमीटर तेवढेच दिसत असताना हृदय प्रत्यक्षात सावरत असतं. ही सुधारणा पुष्कळदा ईएफच्या आधी दिसते, आणि मला ती ईएफपेक्षा जास्त भरवशाची वाटते. यात दोन खाचखळगे आहेत. झेड स्कोअरचे तक्ते एकापेक्षा जास्त आहेत, तेव्हा दर वेळी एकच वापरायला हवा. आणि पहिल्या इकोच्या वेळी मुलीच्या अंगात पाणी साठलेलं असेल तर तेव्हाचं वजन फुगलेलं होतं. त्या वजनावर काढलेला झेड असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो.

आकाराला मी एवढं महत्त्व का देतो? कप्पा जितका रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका भिंतीवरचा ताण जास्त, हा लाप्लासचा नियम. ताणलेला स्नायू आणखी थकतो, थकलेला आणखी ताणला जातो. औषधांचं एक मोठं काम हे चक्र उलटं फिरवणं आहे. म्हणून भिंतीची जाडी आणि कप्प्याचं गोलपणही बघतो. चेंडूसारखा झालेला कप्पा पुन्हा लांबट होऊ लागला, की मला मनापासून आनंद होतो, मग ईएफ अजून ३५ला अडकलेला का असेना.

दुसरी गोष्ट माइट्रल झडप, डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली. कप्पा रुंदावला की झडपेचं कडं ताणलं जातं, तिला धरून ठेवणारे पॅपिलरी स्नायू दूर सरकतात आणि पाकळ्या नीट मिटत नाहीत. झडप मुळात निरोगी असते, पण गळू लागते. गळती मोठी असेल तर ईएफ फसवतो, कारण कप्प्याचं बरंचसं रक्त पुढे महाधमनीत जाण्याऐवजी कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात मागे जातं. आकडा ४० दिसतो. शरीराला मिळणारं रक्त त्या मानाने थोडं असतं. गळती कमी झाली आणि ईएफ तेवढाच राहिला, तर मी ती प्रगती समजतो.

तिसरं, दाब. डावा वरचा कप्पा किती फुगलाय, माइट्रलमधून रक्त कसं आत येतंय, झडपेच्या कडेचा स्नायू किती वेगाने सैल होतोय, हे डॉप्लरने (रक्ताचा आणि स्नायूचा वेग मोजणाऱ्या इकोच्या पद्धतीने) बघून आतला दाब वाढलाय का याचा अंदाज येतो. लहान मुलांत ठोके इतके जलद असतात की भरण्याच्या दोन लाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून इथे मोठ्यांचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. उजव्या बाजूच्या झडपेच्या गळतीचा वेग मात्र उपयोगी पडतो: वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं. सेकंदाला ३ मीटर वेग म्हणजे पाऱ्याच्या ३६ मिलिमीटर दाबाचा फरक. डाव्या बाजूचा दाब फुप्फुसांवाटे उजवीकडे पोचतोय का, ते यातून कळतं. उजवा कप्पाही थकला असेल तर मी जास्त सावध होतो.

स्ट्रेन नावाचं नवं मोजमाप स्नायू आपल्या लांबीच्या किती टक्के आखडतो ते सांगतं. निरोगी स्नायूत उणे २०च्या आसपास. कॅन्सरची काही औषधं घेतलेल्या किंवा ड्युशेन (स्नायू क्षीण करत जाणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांत ईएफ घसरण्याआधीच ते इशारा देऊ शकतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत, जिथे अशक्तपणा उघड दिसतोय, तिथे त्याने निर्णय फारसा बदलत नाही. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक इकोत न चुकता शोधतो, ती म्हणजे कप्प्याच्या टोकाशी रक्ताची गुठळी. रक्त संथ फिरतं तिथे ती जमू शकते, आणि दिसली तर त्याच दिवशी उपचार ठरतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलं, तो. डायलेटेड कार्डिओमायोपथी हे पुष्कळदा दिसलेल्या चित्राचं नाव असतं, कारणाचं नव्हे. आणि काही कारणं दुरुस्त होतात. काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांचं एक बाळ माझ्याकडे ‘स्नायूचा आजार, औषधं चालू’ असं लिहून आलं. दूध पिताना घामाघूम व्हायचं, मध्येच कळवळून रडायचं. आधीच्या तिन्ही रिपोर्टवर ईएफ होता, झडपेची गळती होती; डावी कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणारी धमनी, कुठून निघते हे एकावरही नव्हतं. मी बघितलं तर ती महाधमनीऐवजी फुप्फुसाच्या धमनीतून निघाली होती आणि तिच्यातलं रक्त उलट्या दिशेने वाहत होतं. उजवी कोरोनरी जाड झालेली, पॅपिलरी स्नायू पांढरे चमकणारे. हा अलकापा, बाळाचा स्नायू रक्तावाचून उपाशी राहतो. शस्त्रक्रियेने धमनी जागेवर बसवली. वर्षभरात त्या मुलाचं हृदय जवळपास पूर्ववत झालं. त्याचं रडणं हृदयाच्या वेदनेचं असावं, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

म्हणून पहिल्या रिपोर्टवर हे शोधा किंवा विचारा: दोन्ही कोरोनरी धमन्या महाधमनीतून निघताना स्पष्ट दिसल्या का, आणि त्यांतल्या रक्ताची दिशा रंगीत डॉप्लरने पाहिली का? महाधमनी पुढे कुठे चिंचोळी नाही ना? चारही हातापायांचा रक्तदाब घेतला का? कप्प्याच्या आतली बाजू स्पंजसारखी जाळीदार आहे का? इको सगळं सांगत नाही, म्हणून सोबत ईसीजीही हवाच: सतत चालणाऱ्या जलद ठोक्यांनीही स्नायू थकतो, आणि ठोके ताब्यात आले की पुष्कळदा तो सावरतो. तान्ह्या बाळांत ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने कॅल्शियम घसरूनही हृदय असंच दिसतं, आणि उपचाराने भरून येतं. कोरोनरीचं उगमस्थान इकोत नीट दिसत नसेल तर सीटी अँजिओग्राफी करावी, अंदाजावर सोडू नये.

इको किती वेळा करायचा, हे मुलाच्या अवस्थेवर ठरतं. निदान नवं असताना किंवा औषधं बदलताना मी आठवड्यांच्या अंतराने बघतो. मूल स्थिर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. त्याहून वारंवार केलेल्या इकोंतून बहुधा मोजमापाची चढउतारच हाती लागते, आणि घरच्यांची झोप उडते.

पुढे काय होईल, हेही तुमच्या मनात असणारच. उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या कार्डिओमायोपथी नोंदणीत, कारण न सापडलेल्या डायलेटेड आजाराच्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाच्या हृदयाचा आकार आणि काम दोन वर्षांत पूर्ववत झाल्याचं दिसलं. वय कमी आणि सुरुवातीला कप्पा कमी ताणलेला, अशा मुलांत ही शक्यता जास्त होती. त्याच नोंदणीत त्या दोन वर्षांत प्रत्यारोपण लागलेली किंवा दगावलेली मुलंही बरीच होती. हे मी झाकून ठेवत नाही. तुमची मुलगी वर्षभर औषधांवर स्थिर आहे, वाढते आहे, ही तिच्या बाजूची गोष्ट आहे. आणि ईएफ उद्या ५५ झाला तरी औषधं आपल्या मनाने थांबवू नका. बऱ्या झालेल्या प्रौढांवरच्या एका चाचणीत औषधं थांबवलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांचं हृदय सहा महिन्यांत पुन्हा घसरलं. मुलं म्हणजे लहान आकाराचे प्रौढ नव्हेत, तरी मी हा इशारा गंभीरपणे घेतो. उलट, वजन वाढलं की डोसही वाढवावा लागतो. वर्षभरापूर्वीच्या वजनावर ठरलेला डोस आज अपुरा असू शकतो, तेवढं तपासून घ्या.

तर सध्या एवढं करा. तिन्ही इकोच्या क्लिप्स, नुसते कागद नव्हेत, दोन्ही ठिकाणांहून मागून घ्या. त्या एकाच डॉक्टरांना शेजारी शेजारी लावून बघायला सांगा, आणि यापुढचे इको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करून घ्या. त्यांना विचारा: कप्प्याचा झेड पहिल्यापेक्षा खाली आलाय का, गळती कमी झालीय का, वरच्या कप्प्यावरचा दाब कसा आहे. या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर ३२ या आकड्याने घाबरू नका. तिन्ही बिघडत असतील तर ३८ असता तरी मी काळजी केली असती.

मुलीकडे लक्ष ठेवाच. मुलांत हृदय थकल्याची पहिली खूण पुष्कळदा पोटात दिसते: वारंवार उलट्या, पोटदुखी, जेवणावरची वासना उडणं. ते पोटाचं दुखणं समजून दिवस वाया जातात. त्यासोबत धाप, झोपेत खोकला, अचानक वाढलेलं वजन किंवा थंड हातपाय असतील तर पुढच्या इकोची तारीख येईपर्यंत थांबू नका. भोवळ आली किंवा शुद्ध हरपली तर थेट इस्पितळ गाठा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी विचारतो: तुमचा, तिच्या आईचा आणि भावंडं असतील तर त्यांचा इको झालाय का? हा आजार काही घराण्यांत जनुकांतून येतो, आणि ज्याला काहीच त्रास नाही अशा आईच्या किंवा वडिलांच्या हृदयातही तो सुरुवातीच्या अवस्थेत सापडतो. मुलीच्या पुढच्या भेटीच्याच दिवशी तुम्हा सगळ्यांचा इको आणि ईसीजी करून घ्या.